भुंग्याच्या पोटाचा तक्ता

नाही, त्या खुर्चीवर नको, बाई — धुतली आहे, पण आतून अजून ओली असेल. इथे बसा, खिडकीपाशी. दार उघडायला वेळ लागला, माफ करा. किल्ली हिच्याकडे असते ना, म्हणजे माझ्या बायकोकडे, आणि ती आत पडली होती, मग तिला उठवलं, तिने किल्ली दिली, मग मी उघडलं — असं सगळं साग्रसंगीत. दोन दोन कुलपं कशाला, हेच मनात आलं ना तुमच्या? माझ्यामुळे. मी भरकटतो. चिरंजिवांनी सांगितलं असेलच तुम्हाला फोनवर. मागच्या महिन्यात घरातल्या सपाता घालून निघालो तो थेट बसथांब्यावर जाऊन बसलो, दोन तास. एक सपात पायात, दुसरी जिन्यात. सगळे रस्ते पालथे घातले तेव्हा कुठे सापडली — सापडलो. मी सापडलो. म्हणून कुलपं. ही फार काळजी घेते माझी. तुमच्या फॉर्ममध्ये तशी जागा असेल तर तेवढं आधी लिहून टाका.

आणि हा भुंग्या. उठत नाहीये, राग मानू नका, एरवी तुमच्या पिशवीत तोंड घातलं असतं त्याने आतापर्यंत. तीन दिवस पोट बिघडलंय. खालच्या शिंपीणबाईंनी चिरंजिवांना कळवलं ते खरं आहे — कुत्रा जिन्यात ओकला आणि म्हातारा फडकं हातात घेऊन पायरीवर रडत बसला होता. रडत नव्हतो, फिनेलने डोळे चुरचुरतात माझे. पण त्या एका फोनवरून तुम्ही आलात. बरोबर आहे, यायलाच हवं. चिरंजिवांचं म्हणणं साधं आहे — दोघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर असलं तर तुम्ही आपल्या घरी राहा, बाबा विसरायला लागलेत पण आई धडधाकट आहे, ती बघेल. आणि आईलाही जमत नसेल तर मग तुमचं वृद्धांचं निवासस्थान. म्हणजे तुम्ही आज मला बघायला नाही आलात, तिला बघायला आलात. कळतं मला. तेवढं कळतं.

काय गं? — हो, दिलं. भुंग्याला दिलं मगाशीच. झोप तू. — बघा, किती लक्ष असतं.

तो भिंतीवरचा कागद? तो भुंग्याच्या पोटाचा तक्ता. वाचा की, लपवण्यासारखं काही नाही. वेळ, पाणी, खाणं, शी, हिरड्या, शेरा. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला परवा, ते म्हणाले, मोठा कुत्रा आहे, रक्त नाही, अंगात त्राण आहे, तर आधी घरीच बघा — बारा तास पोटाला पूर्ण विश्रांती, काहीही खायला द्यायचं नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी नाही. पाणी मात्र थोडं थोडं. वाडगा भरून ठेवला तर घटाघटा पितो आणि तसंच्या तसं बाहेर काढतो, म्हणून दर अर्ध्या तासाला पन्नास मिलिलिटर. हे काचेचं मोजपात्र प्रयोगशाळेतलं, अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी फुलं घालून दिलं होतं. त्याचा खरा उपयोग परवा झाला. मग दुसऱ्या दिवशी मऊ शिजवलेला भात आणि उकडलेली कोंबडी, बिनहाडाची, बिनमिठाची, तेलाचा थेंब नाही — तीन वाटे भात, एक वाटा कोंबडी, दिवसातून पाच वेळा, एका वेळी मूठभर. आणि माणसांच्या गोळ्या चुकूनही नाहीत. आपल्याला गुण देणारी गोळी त्याला थेट वर पोचवू शकते, डॉक्टरांनी तीनदा बजावलं. हिरडीवर बोट दाबायचं, ती पांढरी पडते, बोट उचललं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच सपाट झाली तर अंगात पाणी आहे. तशीच उभी राहिली तर मग घरगुती उपचार बास, उचलायचा आणि दवाखाना गाठायचा. आता दोन सेकंद म्हणजे नेमके किती, हा माझ्या डोक्याला भुंगा — नाव त्याचं आणि भुणभुण मला — म्हणून तीन वेळा मोजून सरासरी लिहिली आहे. स्वतःच्या हिरडीवरही करून पाहिलं, तुलनेसाठी. माझी कुत्र्यापेक्षा सावकाश भरते.

तुम्ही असं का बघताय? ... नाही नाही, हे सगळं हिने केलं. मी फक्त लिहिलं. अक्षर माझं आहे, डोकं तिचं. ती सांगायची, अहो, आता पन्नास मिली झालं, लिहा — आणि मी लिहायचो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ती, चारशे नंबर तोंडपाठ. लोक नंबर सांगायचेच नाहीत, नुसतं म्हणायचे, बाई, कापडवाले जोडून द्या, सुतार जोडून द्या, आणि ही जोडायची. आमचं लग्नही तसंच जमलं, मी रोज कॉलेजातून एक नंबर मागायचो जो मला नको असायचा. अशी बाई पन्नास मिलीचा हिशेब चुकेल?

बरोबर, मुद्दा तो नाही. पोट बिघडलं कशाने, हा मुद्दा. सांगतो. मी बिघडवलं. सकाळी त्याला जेवायला घातलं, विसरलो, पुन्हा घातलं. पुन्हा विसरलो, पुन्हा घातलं. आणि शेवटच्या वेळी त्यावर लोण्याचा अख्खा डबा उपडा केला. कुत्र्याच्या जातीला पुरे म्हणणं ठाऊक नसतं. आठ वाजता, सव्वाआठला, नऊला, आणि दहाला दहा कमी असताना — चार वेळा. ... वेळा कशा लक्षात आहेत? नंतर — नंतर अंदाज बांधला. भांडी किती ओली होती, लोणी कितपत पातळ झालं होतं. मास्तरकी हाडात मुरलेली असते हो, डोकं गेलं तरी सवय राहते. मी या खुर्चीत बसलो होतो, डोळा लागला, दोन तास. आदल्या रात्री जागरण झालं होतं, दाराशी — दाराचा आवाज येत होता, वाऱ्याने. दोन तास डोळा लागला एवढाच काय तो गुन्हा, आणि जागा झालो तर — जागा झालो तर मी चार वेळा जेवण घालून बसलो होतो.

हे बरोबर नाही जुळत. मलाही ऐकू येतंय की जुळत नाहीये.

विद्यार्थी खोटं निरीक्षण लिहायचे ना, प्रयोग न करता, शेजाऱ्याचं बघून, तेव्हा मी वहीवरून नजर फिरवली की ओळखायचो. फार नीट असतं ते. खऱ्या आकड्यात थोडी घाण असते.

पण तुम्ही डॉक्टरांचा कागद बघा, तो तर खोटा नाही ना. चिरंजीव मला घेऊन गेले होते स्मृतीच्या तपासणीला. घड्याळ काढा म्हणाले, अकरा वाजून दहा मिनिटं. मी काटे भलतीकडे काढले. वार चुकीचा सांगितला, महिना चुकीचा सांगितला, वर्ष मात्र बरोबर सांगितलं, कारण फार चुकलो असतो तर थेट तुमच्याकडेच रवानगी — मला 'सौम्य' हवं होतं. ... हवं होतं म्हणजे मिळालं, असं म्हणायचंय मला. सौम्य मिळालं. गंमत पुढेच आहे, बाई, हे लिहू नका. घरी आलो, दार लावलं, आणि खात्री करून घ्यावी म्हणून तेच घड्याळ बरोबर काढायला बसलो. तर पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा जमलं. गॅस चालू राहिला तो कोणी ठेवला? मी म्हणालो मी. चष्मा पिठाच्या डब्यात निघाला — मी म्हणालो मी. नळ रात्रभर वाहिला, मी. एवढ्या वेळा 'मी' म्हटलंय की आता त्यातले काही खरंच माझे असतील तर मला ओळखता येणार नाहीत. दोन द्रावणं एकदा मिसळली की कोणतं कोणाचं हे परत नाही सांगता येत.

अं? — हो गं, दिलं, पोटभर दिलं त्याला. तू येऊ नकोस, पाहुण्या आहेत. — काळजी फार तिला. दुसऱ्यांदा नाही विचारलं तिने, मगाशी वेगळं विचारलं होतं. मगाशी पाण्याचं विचारलं होतं.

तुमचं पत्रक मी वाचलंय. चार वेळा. छान आहे, बाग आहे, नवराबायकोंना एकत्र खोली आहे. आणि सातवं कलम आहे, ते बारीक टायपात आहे — ज्यांचं विस्मरण वाढलेलं आहे त्यांना वरचा मजला, दार बाहेरून बंद, कुटुंबीयांनी रविवारी चार ते सहा भेटावं. पाळीव प्राणी नाहीत. रविवारी चार ते सहा. एकावन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला. समजा, केवळ समजा, की मी खाली बागेत आणि ही वर. वर तिला कोण सांगणार की भुंग्याला दिलं? ती विचारत राहील ना. तिथल्या मुली चांगल्या असतील, मी नाही म्हणत नाही, पण त्या खरं सांगतील — आजी, इथे कुत्रा नाहीये. दिवसातून वीस वेळा तिचा कुत्रा जाईल. मी इथे दिवसातून वीस वेळा म्हणतो, दिलं. लागतं काय त्याला? एक शब्द.

हे उदाहरणादाखल बोलतोय मी. घरात कोंडून कोंडून बोलायची सवय लागते स्वतःशी. बाहेर जातो कुठे मी? भाजी शिंपीणबाई आणून देतात. खिडकीतून समोरच्या छपाईवाल्याचं दुकान दिसतं, त्याचा मुख्य कारागीर दुपारी बाहेर येऊन जांभई देतो, ती माझी दिवसाची करमणूक. मीच कुलूप लावायचं आणि मीच आत बसायचं — म्हणजे ती लावते. ती लावते आणि मी बसतो. कधी कधी असं वाटतं की भुंग्याला निदान शिंपीणबाई फिरायला नेतात, तीन दिवस तेही बंद म्हणून आम्ही तिघं सारखेच झालोय. पण तक्रार नाही. लिहा, तक्रार नाही.

आजचं तरी बघा ना — सकाळची शी बांधलेली, पहिल्यांदाच. तक्त्यात शेऱ्यात लिहिलंय, 'समाधानकारक'. उद्यापासून त्याचं नेहमीचं खाणं चौथा हिस्सा मिसळायचं, परवा निम्मं. हे सांभाळलं ना या घराने? डॉक्टरला एकदाही घरी यावं लागलं नाही. जे घर कुत्र्याचं पोट सांभाळतं ते माणसांचं — हो, मला कळतंय तुम्ही काय विचारणार. तिच्याशी बोलायचंय. आज नको. आज तिचं डोकं दुखतंय. तुम्ही पुढच्या आठवड्यात या, सकाळी दहाच्या सुमाराला, सकाळी ती फार छान असते, गाणी म्हणते, तुम्हाला एक्स्चेंजचे नंबर म्हणून दाखवेल, सुतार दोनशे चौदा, कापडवाले एकशे सात —

अगं, तू कशाला उठलीस. थांब, तिथेच थांब, पडशील. ते भांडं दे इकडे. — नाही, भुंग्याने नाही खाल्लेलं अजून, बरोबर आहे तुझं, उपाशी आहे बिचारा, दे, मी घालतो. — केवढं भरलंय. आणि हे वर काय, लोणी? — छान. छान केलंस. या बाई कोण? या — त्या नंबर विचारायला आल्या होत्या, चुकून आल्या. जा, तू पड. आलोच मी.

बाई, हे मीच सांगितलं होतं तिला आणायला. तुम्ही यायच्या आधी. सांगितलं आणि विसरलो. हेच ते, बघा, प्रत्यक्ष पुराव्यासकट मिळालं तुम्हाला. लिहा — यांनीच आणायला सांगितलं, आणि विसरले.

लिहा ना.

पेन चालत नाही का? माझं देऊ?

... असू दे. फॉर्म बंद केलात, असू दे. मी काही म्हणत नाही. भुंग्या, नको, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तुला अजून दोन दिवस नाही. — बाई, पाणी मुठीत धरता येत नाही म्हणून भांडं लागतं असं समजा, आणि मी ते भांडं आहे, बाकी काही नाही. जाऊ दे, वर्गात बोलल्यासारखं बोलतो मी.

निघताय. हो. थांबा, दार असं उघडणार नाही.

जरा तिकडे, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहता का? क्षणभरच. सदऱ्याची वरची दोन बटणं काढायची आहेत मला — किल्ली गळ्यात आहे.