नळाची मागची बाजू

नाय ताई, हळू बोला — पुढं ओटीवर माझे बाबा बसलेत आणि ही भिंत कुडाची, सगळं ऐकू जातं. हो, बरोबर बघताय, नरसाळंच आहे ते. नळाचा पाइप इथं मागच्या बांधावर उघडा केलाय, त्यात नरसाळं, नरसाळ्यात मी हंडा ओतायचा, की पुढं अंगणात नळ चालू. फार भरभर नाय ओतायचं, नायतर नळ ढेकर देतो.

तुमी खर्डीहून नळ तपासायला आलात ना, नागरिक मंचाच्या? आमचे हेपण तुमच्याच मंचात — गावोगाव फिरून कोरडे नळ शोधले, ठेकेदाराला घाम फोडला. फक्त आपल्या घरचा नळ चालू आहे म्हणून सांगितलं. का? लग्न! मी मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याची, डोंगर उतरून पाणी आणलेली. बाबांची अट एकच — घर कसंही असो, दारात नळ पाहिजे. घर बघायला आले, स्वतः नळ फिरवला, ओंजळभर प्याले, तिथंच सुपारी फुटली. इथं मागं कोण होतं? जीवन भावोजी, माझे दीर. लग्नाची हळद उतरली नव्हती तर सासूनं हातात हंडा दिला — 'विहीर त्या अंगाला.' मी गेले, भरून आणला. बाबांनाही नाय सांगितलं. ते गावभर त्या नळाचं कौतुक सांगत फिरतात हो.

मग ग्रामसभा. हे उठले — पाड्यात एकाही नळाला पाणी नाय, योजना गेली कुठं? सरपंच पान चघळत म्हणाले, 'भरत, तुझे सासरे तुझ्याच नळाचं पाणी प्याले, आमी बघितलं. लावू का त्यांना फोन?' हे खाली बसले. ह्यांच्याबरोबर पाड्याची तक्रारही बसली. तेव्हापासून शेजारची भिमी विहिरीवर मला बघून तोंड फिरवते, आणि तिचं काय चुकलं?

आणि आज बाबा परत आलेत — माझ्या धाकट्या बहिणीसाठी, नेहासाठी. नवरा मुलगा कोण? जीवन भावोजी. ते पुढं नवी पँट घालून बसलेत, म्हणून मागची ड्युटी माझी. नेहा फोनवर विचारते, 'ताई, नळाला पाणी कधी येतं गो?' मी सांगते, 'कधीपण येतं गो.' खोटं नाय ते — हंडा भरला की येतं.

खरं सांगू? हा हंडा मी आज खुशीनं भरला. ती आली तर खेपा वाटून घेऊ, विहिरीवर बोलायला कुणी असेल, हसायला… सख्ख्या बहिणीसाठी असं मनात येतं का कुणाच्या? माझ्या आलं. तुमी असं बघू नका, मीच बघतेय स्वतःकडं सकाळपासून —

थांबा. चपला वाजल्या. बाबा उठले.

नळ फिरवला… परत फिरवला. सासू खोकतेय — ओत, म्हणून खूण ती. अजून खोकतेय, घसा बसेल तिचा. 'आरती, नळ बिघडला काय गो?' — बाबा विचारतायत.

हंडा? खाली ठेवलाय, बघा ना. तुमी इथं कशाला थांबलाय, ताई? पुढं जा. तिथं आता सगळे गप्प असतील — काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या. जा.