गुरवकाकांच्या चाळीखालचा भोंगा

तुम्ही सगळे मला तापट म्हणता ना, मग हे ऐकाच. पालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रचाराच्या रिक्षात माईक माझ्याकडे होता. समोरच्या पक्षाचे उमेदवार गुरवकाका काळाचौकीला राहतात. अर्ज भरल्यावर त्यांना कॅन्सर निघाला, ते घरीच झोपून होते. त्यांच्या चाळीखाली आलो की मी भोंगा बंद करायचो.

रिक्षावाला पक्या वैतागला. "अरे, हाच तर त्यांचा गड! आणि इथंच गप्प?"

"गप्पच. चल पुढं."

दोन महिन्यांपूर्वी माझा दादा याच आजारात गेला. बाहेर हॉर्न वाजला तरी तो डोळे घट्ट मिटायचा.

तिसऱ्या दिवशी काकांनी मला वर बोलावलं. अंगावर नुसती हाडं, पण जरब तीच.

"काय रे, मी मेलो का? तुमची गाडी गप्प जाते म्हणून चाळीत तशी बातमी उठलीय. माझेच मतदार सांत्वनाला येतायत! घाल मला शिव्या, लोकांना कळू दे मी अजून लढतोय."

"काका, माझ्या दादाला आवाज सोसायचा नाही."

काकांनी माझा हात धरला. "मलाही सोसत नाही रे. हळू आवाजात घाल."

खाली येऊन मी डोळे पुसले, आवाज निम्मा केला आणि त्यांच्या पाच वर्षांच्या कारभाराची सालटी काढली. तेवढ्यात काकू खिडकीत आल्या.

"अरे, जरा दम घे! हसून हसून खोकला लागलाय त्यांना."