दाजी, एका फेरीचा की वर्षभराचा?

…आणि वर विमा विकणारा मेव्हणा मलाच विचारतो, ‘दाजी, एका फेरीचा की वर्षभराचा?’ जसं काही मी रोज सकाळी उठून बोटीनं जग फिरायला निघतो! अहो, तुम्हाला सांगतो, माझं कुलूप-किल्लीचं दुकान. घर आणि दुकान यांच्यात एक गल्ली, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे ती गल्ली. लोक किल्ली आत विसरतात, दार ओढून घेतात, बाहेर अडकतात, आणि ते बाहेर अडकतात म्हणून मी दुकानात अडकतो! सुट्टी म्हणून नाही. ज्या दिवशी मी शटर खाली ओढावं, नेमक्या त्याच दिवशी अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या हरवतात. खोटं वाटत असेल तर विचारा कोणालाही.

पण आमच्या हिचं वेगळं. ही शाळेत भूगोल शिकवायची, नुकतीच निवृत्त झाली. हयात गेली नकाशावर छडी ठेवून पोरांना समुद्र दाखवण्यात, हा अमका महासागर, ही तमकी सामुद्रधुनी, आणि स्वतः पाहिलं काय? तर बंदराचा धक्का. तोही शाळेच्या सहलीत, आणि तिथंही म्हणे पोरं मोजता मोजता पाण्याकडे बघायचं राहून गेलं. निवृत्तीच्या दिवशी घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, मला मोठ्या बोटीतून जायचंय. आता तुम्हीच सांगा, जिनं इतक्या वर्षांत माझ्याकडे बरणीचं झाकण उघडून मागण्यापलीकडे काही मागितलं नाही, तिला मी नाही कसं म्हणणार? केलं क्रूझचं बुकिंग. मला वाटलं, झालं, सुटलो.

कसला सुटतोय! बुकिंगवाली बाई म्हणते, ‘काका, विमा हवा, त्याशिवाय बोटीवर पाय ठेवू देत नाहीत.’ विमा म्हटलं की आमच्याकडे माणूस ठरलेला, माझा मेव्हणा. हिचा धाकटा भाऊ. विमा विकतो. म्हणजे अगदी कोणाच्या बारशाला गेला… नाही, जाऊ दे, माझा मेव्हणा आहे, घरात ऐकू जाईल. तर लावला त्याला फोन. हात तेलकट होते माझे, घरीच बसून एका कुलपात तेल घालत होतो, म्हणून फोन ठेवला टेबलावर आणि केला स्पीकर चालू. तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काहीही करावं, पण बायको स्वयंपाकघरात असताना मेव्हण्याचा फोन स्पीकरवर टाकू नये.

‘दाजी,’ तो सुरू झाला, आणि हा माणूस सुरू झाला की श्वास आपल्याला घ्यावा लागतो, ‘दाजी, आधी सांगा, एका फेरीचा की वर्षभराचा? एका फेरीचा म्हणजे गेलात, आलात, संपला. वर्षभराचा म्हणजे वर्षात कितीही वेळा जा, फक्त एका वेळी महिन्याच्या आत परत या, आणि क्रूझला जायचं तर दोन्हीत बोटीची जोड वेगळी घ्यायची, ती विसरायची नाही, नाहीतर बोटीवर आजारी पडलात आणि हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं तर…’ मी म्हटलं, थांब बाबा, मला उचलायला हेलिकॉप्टर? मला रिक्षात बसवताना दोघं लागतात! तो ऐकतोय थोडाच. ‘बंदर चुकलं तर भरपाई, सामान उशिरा आलं तर भरपाई, आजारपणामुळे खोलीत कोंडून राहावं लागलं तर दर दिवसाची भरपाई…’ कोंडून? मला? कुलूपवाल्याला? लोकांना काय वाटेल!

पण खरा घोळ पुढं आहे. तो म्हणाला, ‘हिशेब सोपा आहे दाजी. वर्षातून एकदाच जाणार असाल तर एका फेरीचा स्वस्त. दोनदा-तीनदा जाणार असाल तर वर्षभराचा. बोला, ताईला किती वेळा नेणार?’

आणि मी, गाढवासारखा, तेलाच्या बुधलीकडे बघत बोलून गेलो, ‘छे रे, एकदाच.’

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

आता मिक्सर बंद होतो, त्यात काय एवढं? वाटण संपलं असेल. पण ज्याचा संसार जुना आहे त्याला कळतं, वाटण संपून बंद झालेला मिक्सर वेगळा आणि हा वेगळा. मी लगेच आत गेलो. म्हटलं, अगं, एका फेरीचा की वर्षभराचा, काय घेऊ? ती ओटा पुसत होती. ‘मला काय, तुम्हाला वाटेल तो घ्या.’ बस्स! यापुढं दोन दिवस घरात हेच. भाजी कुठली आणू? मला काय, तुम्हाला वाटेल ती आणा. पंखा लावू? मला काय. तुम्हाला सांगतो, हे ‘मला काय’ ज्या घरात शिरलं, तिथं आमच्या धंद्यातली कुठलीच किल्ली चालत नाही.

मग काय, मी विचारत सुटलो. लेकीला फोन केला, ती परगावी असते, नोकरीत गुंतलेली. ती म्हणे, ‘बाबा, तुमच्या वयात वर्षभराचा जास्त महाग पडतो.’ तुमच्या वयात! म्हटलं, ठेव फोन. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहतात, त्यांना जिन्यात गाठलं. ते हळूच कानाशी येऊन, जसं काही देशाचं गुपित सांगतायत, ‘वर्षभराचा घेतलात तर आजच्या तारखेपासून घ्या. निघायच्या दिवसापासून घेतलात आणि त्याआधीच काही होऊन जाणं रद्द झालं, तर दमडी मिळायची नाही.’ मी विचारलं, काही होऊन म्हणजे काय होऊन? तर माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, ‘काहीही.’ रात्रभर झोप नाही मला!

माझं डोकं साधं आहे हो. एक कुलूप, एक किल्ली. एक फेरी, एक विमा. जिथं जायचंच नाही, तिथला विमा काढून काय शोकेसमध्ये लावायचा? ठरवलं, एका फेरीचा. हिला सांगायला आत आलो तर ही स्टुलावर चढलेली, आणि आठवडाभर हौसेनं भरून ठेवलेली ती मोठी बॅग परत कपाटावर ढकलत होती. मी म्हटलं, अगं, हे काय? म्हणाली, ‘छोटी पुरेल. एकदाच तर जायचंय.’

मी बॅग धरली. म्हटलं, अगं, तो हिशेब होता, स्वस्त कुठला पडतो त्याचा. ती खाली उतरली, स्टूल जागेवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘स्वस्ताचं काही नाही हो. एकदाच, हे तुम्ही किती पटकन सांगितलंत.’

आता हसाल तुम्ही, पण बरोबर बोलली ती. दुसरा कोणी असता तर ‘बघू’ म्हणाला असता, ‘सांगता येत नाही’ म्हणाला असता. मी क्षणाचा विचार केला नाही हो! तेलाच्या बुधलीकडे बघत सांगून टाकलं. तसाच दुकानात गेलो, फोन लावला, स्पीकर चांगला मोठा केला, दार उघडं ठेवलं, आणि ओरडलो, ‘वर्षभराचा! बोटीच्या जोडीसकट! आजच्या तारखेपासून!’ समोरचा पानवाला उठून बघायला आला.

मेव्हणा आनंदात. लगेच प्रश्न सुरू, ‘दाजी, काही जुने आजार?’ मी म्हटलं, थोडं ब्लडप्रेशर आहे, गोळी चालू आहे. एवढ्यात मागून आवाज, ही कधी गल्ली ओलांडून आली कळलंच नाही. ‘थोडं नाही, चांगलं आहे. लिही. गुडघा लिही. पित्त लिही. रात्री घोरतात, ते धरतात का रे?’ तो म्हणाला, ताई, घोरणं धरत नाहीत. ही म्हणाली, ‘धरायला पाहिजे. शेजारच्या खोलीतल्यांसाठी तरी.’ तुम्हाला सांगतो, माझी इज्जत गेली, पण ‘मला काय’ही गेलं. मोठी बॅग खाली आली. मी जिंकलो, असं मला वाटलं.

तर गेलो. आणि काय सांगू तुम्हाला… बोट! गावाएवढी बोट, आणि एका दाराला किल्ली नाही, सगळी कार्डं! पहिल्यांदा संताप आला, माझ्या पोटावर पाय. पण माणसांच्या बॅगांना कुलपं होतीच की. दुसऱ्याच दिवशी एका आजींची बॅग उघडून दिली केसाच्या पिनेनं, मग काय, जिकडे जावं तिकडे लोक नमस्कार करतायत, कोणी चहा देतोय, कोणी डेकवर खुर्ची सोडतोय. समोर पाणीच पाणी, आणि कोणी ‘दार उघडून द्या’ म्हणून शर्ट ओढत नाही. मी ठरवूनच टाकलं, वर्षभराचा आहे ना, पुढच्या महिन्यात परत यायचं!

आणि ही? ही पहिल्या संध्याकाळपासून खोलीत आडवी. डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून. खिडकीतून समुद्र दाखवला, तर म्हणाली, ‘पडदा ओढा, हलतोय तो.’ घरी आलो, तिनं उंबऱ्यातच भिंतीला हात लावून बघितला, हलत नाही ना, आणि म्हणाली, ‘बघितला समुद्र. नकाशावर बरा असतो.’

मी म्हटलं, अगं, पण तो वर्षभराचा? अजून अख्खं वर्ष पडलंय!

तर हिनं काय म्हणावं? ‘मी म्हटलं होतं वर्षभराचा घ्या?’

आता बोला! मी आठवून आठवून बघितलं. नव्हतंच म्हटलं हो तिनं! एकदाही नाही! कुठल्याही कोर्टात जा, सुटणार ती.

बरं, विमा वाया गेला म्हणून टाकून द्यावा, तर तेही नाही. लग्नाच्या फोटोशेजारी, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिनं तो कागद जपून ठेवलाय. घरी कोणी आलं की चहा देता देता सहज म्हणते, ‘आमचा वर्षभराचा आहे हो. यांनीच घेतला. मी काही म्हटलं नव्हतं.’ आणि तेव्हा तिचा चेहरा बघावा. समुद्र बघूनसुद्धा तसा झाला नव्हता.

परवा वर्ष संपत आलं. मेव्हण्याचा फोन. मी या वेळी शहाणा, स्पीकर लावला नाही, फोन कानाला चिकटवला. तरी त्याचा आवाज भिंतीपलीकडे जातोच. ‘दाजी, संपतोय. आता एका फेरीचा की वर्षभराचा?’

आत मिक्सर बंद झाला.

मी दारातून डोकावून म्हटलं, काय गं, कुठं जायचंय का? म्हणाली, ‘छे, कुठं नाही.’ मग विम्याचं काय करू? ‘मला काय, तुम्हाला वाटेल तो घ्या.’

घेतला. वर्षभराचा. बोटीच्या जोडीसकट.