दाही बोटं

दारव्ह्याच्या सेवा केंद्रात रांगेत दीपाच्या पुढे म्हातारे डोमाजी मुठी मिटून उभे होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आज शेवटचा दिवस होता. टेबलापलीकडे पायल अंगठ्याच्या मशीनची वायर खोचत होती.

“जयभीम, पायलबाई. आज तरी घेते का तुही मशीन? परवा तिनं नाही म्हटलं, तं घरची बुढी म्हणे, मेलेल्या माणसाले चहा कायले देऊ?”

“जयभीम, बाबाजी. बसा. मशीन झाली दुरुस्त.”

“मशीन बिघडली होती? तू तं म्हणे, माह्याच बोटावरच्या रेघा गेल्या.”

“चुकलं जी माहं. कम्प्युटरची सिस्टीम नवी झाली, न् तिले ही जुनी मशीन ओळखूच येत नोहती. दिवा लागे, पण बोट कोणाचंच घेत नोहती. मी वायर बदलली, पोर्ट बदलला. शेवटी काल कम्प्युटरात मशीनचा नवा ड्रायव्हर, म्हंजे तिचा प्रोग्राम टाकला, तवा चालू झाली.”

“म्हणजे माह्या बोटाचा दोष नोहता?”

“नाही जी. ठेवा अंगठा. पुन्हा ठेवा. आता बाजूचं बोट.”

“लालच दिवा लागून राह्यला ना?”

“बाबाजी, हात दाखवा बरं. हे काय केलं?”

“तूच म्हटलं होतं ना, बोटं घासून या. विटेनं घासले दोन दिवस, दाहीच्या दाही.”

“अहो, कातडं निघालं पुरं!”

“तू शिकेल-सवरेल पोरगी. तुहं ऐकलं मी.”

दीपाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच झाले होते; पाचला केंद्र बंद होणार होतं.

“पायलबाई, कमी पडलं का? अजून घासून येऊ?”