बिनतोंडाचं पाखरू

बसा, सगळे बसा. मांगं उभे आहेत त्याहीनं पुढं या, माहा आवाज तेथपर्यंत येनार नाई.

आसेगावच्या माह्या भावाहो, बायाहो, तुमी आले, बरं केलं. सभेत बाईनं बोलाव असा आपल्या गावात रिवाज नाई, अन् माह्यानं बोलनं होतही नाई. पन मी बापूची थोरली बहीन. त्याच्याच घरी राह्यली, त्यालेच रांधून घातलं. तो गेला तेव्हापासून तुमचं जे चालू आहे ते पाहून मले रडाले येत नाई, राग येते. म्हनून बोलून राह्यली.

बापूचं वेड तुमाले ठाऊक आहे. गावाच्या पडीतात त्यानं तुमच्याच हातानं सागाची रोपं लावून घेतली. आपल्या नातवाच्या शाळेवर त्या लाकडाचं छप्पर असाव, एवढंच त्याचं म्हननं.

अन् त्या रोपाले लागलं हे पाखरू, ज्याले तुमी भूतपाखरू म्हनता. दिवस मावळला की पडीतावर फिकट पाखरं एकाच जागी झुलतात, पुढं नाई, मांगं नाई. तुमी म्हनाचे, मेलेले लोक आहेत. बापू म्हनाचा, "नर आहेत ते. मादीची वाट पाहून राह्यले. लग्नाच्या मांडवात भूत कायले पाह्यता?" किती वेळा म्हनला? पारावर म्हनला, बाजारात म्हनला, लोकाच्या सोयरिकीच्या बैठकीत म्हनला. तेथं तरी चूप बसाव ना मानसानं. नाई.

मादी उडता उडता अंडी सांडते, म्हने, वाळूसारखी, कोठंही. मी म्हनलं, कशी माय आहे ही? तं मलेच शिकवाले बसला. अळी आधी खालचा कुजका पाला खाते, मंग रोपात शिरते, अन् आतल्या आत मुळाकडे पोखरत जाते. छिद्रावर रेशमाचा अन् भुश्शाचा पडदा लावून घेते, म्हनून बाहेरून रोप चांगलं दिसते. वारा आला की मोडते. बापू तो पडदा काढाचा, छिद्रात तार घालाचा, घासलेटचा बोळा कोंबाचा, वरून माती लिंपाचा. इकडे जेवन थंड होऊन जाये. मी ताट झाकून झाकून कंटाळली.

अन् तुमी काय केलं?

बापू गेल्यावर रिवाजापरमानं आपन राती पीठ पसरलं, जवळ दिवा ठेवला, वरून टोपलं झाकलं. मेलेला मानूस कोनत्या जन्माले गेला, त्याची निशानी पिठात उमटते म्हनून. सकाळी टोपलं उचललं तं पिठात भूतपाखरू फडफडून राह्यलं. टोपल्याले फटी होत्या, आत दिवा होता. पाखरू नाई येनार तं काय बैल येईन? पन पाटीलबुवानं हात जोडले, "बापू पाखरू झाला," अन् त्याहीच्या मांगं सगळ्या गावानं जोडले.

तेव्हापासून रोपाले कोनी तार लावत नाई. आपला सदू, बापूसोबत रोज पडीतात जानारा. त्याले मी म्हनलं, "जा, बोळे घालून ये." तं तो म्हनते, "आत्याबाई, आतमंदी बापूकाका असले तं? माह्या हातानं कसं मारू?"

पडीतात जाऊन पाहा. बुडाशी भुस्सा पडून राह्यला, रोपं माना टाकून राह्यली. अन् तेथं कोनी बेसनाचा लाडू ठेवला, कोनी पिठलं-भाकर. अरे, त्या पाखराले तोंडच नाई. अळी असताना जे खाल्लं ते खाल्लं. पाखरू झाल्यावर खानं नाई, पिनं नाई, थोडे दिवस जगते अन् मरते. हेही बापूनंच सांगतलं होतं तुमाले. अन् माहा भाऊ, पिठल्यावर तेल कमी पडलं तं ताटावरून उठनारा, तो बिनतोंडाचा जन्म घेईन? माहा भाऊ तुमाले इतकाही समजला नाई?

हसा, हसा. तोही हसला असता.

आज सकाळी मी एकटीच गेली. भुश्शाचा पडदा काढला, तार हातात घेतली, अन् माहा हात थांबला. सगळं ठाऊक असून थांबला. वाटलं, असला तं? माही मलेच इतकी चीड आली, काय सांगू. छिद्राशी वाकून मी म्हनलं, "बापू, असशीन तं बाहेर ये." कोनी आलं नाई. मंग मी तार घातली. पिवळसर, लाल डोक्याची अळी निघाली. अळीच होती. माहा भाऊ तेथं नव्हता. घरी नाई, पारावर नाई, अन् तेथंही नाई. तेव्हा मले समजलं, तो गेला. तेथंच बसून मी रडली.

तुमचंही तेच आहे. तो रोपात आहे म्हनलं की त्याले सोडाव लागत नाई. पन असा धरून ठेवसान तं त्याचा साग जाईन. उद्या सकाळी तार घेऊन या. हात थांबला तं थांबू द्या. मंग घाला.

आता उभे राहा. थोडा वेळ सगळे चूप राहू. दिवस मावळून राह्यला, तिकडे पाखरं निघतीन. त्याहीच्याकडे पाहू नका. मान खाली घाला, अन् माह्या भावाले जाऊ द्या.