बेलदऱ्याच्या पऱ्हाटी-कोळशाला लागलेल्या आगीबाबत

नाव गिरिधर नामदेव रेवतकर, वय ४३ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजा बेलदरा, तालुका नरखेड, जिल्हा नागपूर. दिनांक १२ मार्च १९८५. जमादार साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या गावी कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटतात. उपटणाऱ्या बायकांनी त्यांच्या मोळ्या चुलीसाठी न्याव्यात, असा जुना रिवाज आहे. यंदा सतरा घरांनी मिळून मंडळ काढले. शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या द्यायच्या, मजुरांनी त्या लोखंडी पिंपात कोंडून भाजायच्या आणि झालेला कोळसा नागपूरजवळच्या वाडी गावच्या गोदामाला विकून पैसे सर्वांनी वाटून घ्यायचे, असे ठरले. मी मंडळाचा अध्यक्ष आहे. कल्पनाही माझीच, कोणी काहीही सांगो.

बैठकीत एकटी भीमाबाई, मजूर, वय अंदाजे ५५, उलट बोलली. "कोळसा जाईल वाडीले, अन् आमच्या चुलीत काय घालू, हातपाय?" असे तिचे शब्द. लोक हसले. मी हसलो नाही. तेव्हापासूनच तिच्याविषयी माझ्या मनात पाल चुकचुकत होती.

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मंडळाच्या शेडमधील एकतीस पोती कोळसा जळाला. सतरा घरांची दोन महिन्यांची मेहनत गेली. मला रडू आले, हेही लिहून घ्यावे. दुपारी तीन वाजता भीमाबाई शेडजवळ बादली घेऊन उभी होती. तिचे तिथे काही काम नव्हते. तिनेच आग लावली, असा माझा संशय आहे.

बादलीत काय होते असे विचारल्यावरून सांगतो की, पाणी होते.

पिंप केव्हा उघडले असे विचारल्यावरून सांगतो की, तोंड मातीने लिंपून पिंप रात्रभर निवू द्यायचे, असा नियम आहे. काल मात्र वाडीचा ट्रक सहा वाजता येणार होता. सकाळी भाजलेले शेवटचे पिंप दोन वाजताच उघडले. उघडणारा मी. पोती भरणाराही मीच. भीमाबाईने पोत्याला पालथा हात लावून पाहिला व म्हणाली, "गिरिधरभाऊ, थांबा नं, आत धग हाये. पाणी मारू द्या." मी तिला म्हणालो, "माल भिजवून वाडीवाल्याले काय दाखवू वं? जाय घरी." मला वाटले, बाई मुद्दाम माल नासवून राहिली.

न निवलेला कोळसा पोत्यात आपोआप पेटतो, हे मला माहीत आहे.

पिंप गरम असतानाच उघडल्याचे भीमाबाईने कोणाला सांगितले काय असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. आगीपाशी सर्व गाव जमले होते. मी तिच्याकडे बोट दाखवले, तरी ती गप्पच राहिली. का, ते मला कळले नाही. त्याचाही मला संशयच आला.

आता माझा कोणावर संशय नाही. भीमाबाईला सकाळपासून ठाण्याबाहेर बसवून ठेवले आहे, तिला घरी सोडावे. गावाला मात्र आग तिनेच लावली असे अजून वाटते.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, खरा आहे. गावात वाचून दाखवू नये, ही विनंती.

सही
गि. ना. रेवतकर