रेंज फुल्ल, नेट शून्य

...आणि वर मेसेज काय येतो, तर 'आपला डेटा संपला आहे, नवा पॅक घेण्यासाठी कृपया इंटरनेट चालू करा.' आता मला सांगा, इंटरनेट चालू असतं तर माणूस पॅक कशाला घेईल? विहिरीत पडलेल्याला वरून ओरडून सांगायचं, बाजारात दोर मिळतो, जाऊन घेऊन ये... तसलं हे. आमचा डेल्मर ट्वेटन नॉर्वेतल्या एका डोंगराच्या पायथ्याशी, बसथांब्यावर, फोन आरतीच्या तबकासारखा धरून गोल गोल फिरतोय, कोपऱ्यात चारही काड्या ताठ उभ्या, आणि मधलं ते चक्र आपलं फिरतंय, फिरतंय... रेंज फुल्ल, नेट शून्य.

तुम्ही म्हणाल, सुट्टीवर गेलाय तर डोंगर बघ, पाणी बघ, नेट कशाला हवं? बरोबर आहे. पण तुम्हाला सांगतो, त्याची मोटार तळ्यावर उभी होती. त्याची म्हणजे गावाची. आमच्या मिनेसोटात थंडीत तळं गोठून दगड झालं, की आम्ही एक भंगार मोटार घेतो, तिचं इंजिन काढतो, मागाहून ओढून काढायला दोरखंड बांधतो आणि तिला बर्फाच्या मधोमध नेऊन ठेवतो, आणि मग जानेवारी ते एप्रिल सगळं गाव तिच्याकडे बघत बसतं. करणार काय, दुसरं हलणारं काही नसतंच, आणि तीही हलत नाही. बर्फ फुटून ती बुडणार कधी, त्याची तारीख आणि मिनिट चिठ्ठीवर लिहून आर्डिसच्या कॅफेतल्या बरणीत टाकायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याचं नाव मोटारीच्या चाकाच्या झाकणीवर कोरायचं आणि झाकणी कॅफेच्या भिंतीवर. एकतीस वर्षं डेल्मर चिठ्ठी टाकतोय. भिंतीवर एकतीस झाकण्या. डेल्मरची एकही नाही, आणि त्याचा शेजारी व्हर्जिल, त्याच्या चार. त्यातली एक तर म्हणे लिहिताना शिंक आली, साताचा नऊ झाला, आणि नेमकी नऊलाच मोटार बुडाली. शिंकेवर जिंकलेला माणूस रोज सकाळी त्या झाकणीखाली बसून कॉफी पितो... डेल्मरच्या नाकासमोर.

नियम एकच. मोटार बुडाली की आर्डिस जिंकणाऱ्याला फोन करणार, आणि त्याने अर्ध्या तासात स्वतःच्या तोंडाने 'हो, चिठ्ठी माझी' म्हणायचं. नाहीतर मान दुसऱ्या नंबरला. हा नियम का, तर एके वर्षी जो जिंकला तो पंधरा दिवसांपूर्वीच वारलेला निघाला, आणि त्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या बायकोने ती झाकणी दोन बाजूंनी अशी ओढली की ती आजही भिंतीवर लंबगोल आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

आणि नेमकं यंदा लव्हॉनने, म्हणजे डेल्मरच्या बायकोने, नॉर्वेचं काढलं. पणजोबांचं गाव बघायचंय. डेल्मर म्हणाला, "मे महिन्यात जाऊ की." ती म्हणाली, "मोटार बुडायची वाट बघत एकतीस वर्षं गेली, आता पणजोबा तरी बघू दे." सुनेने दोघांच्या फोनमध्ये मिळून दहा दिवसांचा डेटा भरून दिला, नकाशे, फोटो, आणि तिकडे फोनही नेटवरूनच, सगळ्याला पुरून उरेल एवढा. आणि या पठ्ठ्याने काय केलं? आर्डिसने तळ्याकाठी कॅमेरा लावलाय, मोटार चोवीस तास दिसते, तो कॅमेरा याने विमानातून उतरल्या उतरल्या लावला तो बंदच केला नाही. बोटीत मोटार, म्युझियममध्ये मोटार, जेवताना पाण्याच्या ग्लासला टेकवून मोटार. स्वतःचा संपला तर बायकोचा फोन घेतला. दहा दिवसांचा डेटा अडीच दिवसांत संपला... कशावर? न हलणाऱ्या मोटारीवर. आणि संपायच्या आधी शेवटचं दिसलं ते काय, तर चाकांभोवती पाणी.

चिठ्ठीवर त्याने लिहिलं होतं, एकवीस एप्रिल, सकाळी नऊ एकेचाळीस. आज तारीख एकवीस. मिनेसोटातले नऊ एकेचाळीस म्हणजे नॉर्वेतले संध्याकाळचे पावणेपाच, चार मिनिटं इकडे तिकडे. रविवार, गावातलं एकुलतं दुकान बंद, हॉटेल तीस मैल मागे, आणि चार वाजता कॉफीला जायचं लव्हॉनच्या दूरच्या भावाकडे, टोर्ब्यर्नकडे. खिशात फोन... रेंज फुल्ल, नेट शून्य.

टोर्ब्यर्न देवमाणूस हो. दारातच विचारलं, "वायफाय हवंय का? पासवर्ड देऊ?"

आणि डेल्मर म्हणाला, "नको नको, कशाला उगाच त्रास."

आता यात त्याचं काय चुकलं? आमच्या मिनेसोटात पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'अहो खरंच नको' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेला हो म्हणते ती आमच्याकडे फक्त डोहाळे लागलेली बाई. आणि ही रीत पणजोबांनी नॉर्वेहून आणली, असं आमच्याकडे पोरंटोरंही सांगतात. तर पणजोबांच्या त्या नॉर्वेत टोर्ब्यर्न काय म्हणाला?

"बरं."

आणि गेला कॉफी करायला.

डेल्मर वाट बघतोय. वॅफल आले. टोर्ब्यर्नने विचारलं, "अजून एक?" डेल्मर सवयीने म्हणाला, "नको, पुरे." "बरं," म्हणून ताट आत. लव्हॉनच्या लक्षात आलं, हे काही खरं नाही. पण थेट मागायचं म्हणजे नाक कापून ताटात ठेवायचं. तिने आडून सुरुवात केली, "तुमच्या भिंती छान जाड आहेत, नाही?"

"हो."

"काही लोकांकडे म्हणे सगळ्या खोल्यांत वायफाय येतं."

"आमच्याकडेही येतं," टोर्ब्यर्न म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला.

पावणेपाच झाले. डेल्मर म्हणाला, "आमच्या गावात आज मोटार बुडणार आहे." यावर कुणीही माणूस विचारेल की नाही, की बाबा बघायचीय का? टोर्ब्यर्न म्हणाला, "वाईट झालं. विमा आहे ना?" पाच वाजले. पाच वाजून पाच. लव्हॉन टेबलाखालून त्याची नडगी लाथेने सडकतेय आणि हा पठ्ठ्या चेहऱ्यावर रविवार ठेवून बसलाय. शेवटी पाच वाजून सोळा मिनिटांनी डेल्मर उठला. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या घरात काहीतरी मागितलं, तेही छताकडे बघून. "तो पासवर्ड... म्हणजे फार अडचण नसेल तर... "

टोर्ब्यर्न म्हणाला, "मग मघाशी नको का म्हणालात?"

आणि पासवर्ड सांगितला.

फोन जोडला आणि तो हातात बेडकासारखा उड्या मारायला लागला. आर्डिसचे अकरा कॉल. मोटार नऊ एकोणचाळीसला गेली. सगळ्यात जवळची चिठ्ठी डेल्मरची, दोन मिनिटांचा फरक. मुदत पाच वाजून नऊपर्यंत. नऊ... आणि वाजले होते सोळा. दुसरा नंबर व्हर्जिल, पाऊण तासाने चुकलेला, पण त्याला फोन करायची वेळच आली नाही, तो चर्च चुकवून झाकण्यांखालीच पॅनकेक खात बसला होता, त्याने नुसता काटा वर केला.

परत आल्यावर डेल्मर आठवडाभर कॅफेत फिरकला नाही. लव्हॉन मात्र रोज जाऊन नॉर्वेच्या गोष्टी सांगत होती, सगळ्यांना, अगदी तपशिलात. मग एके सकाळी हा आला. व्हर्जिल उठला, खुर्चीवर चढला, नवी कोरी झाकणी खिळ्यावरून काढली आणि डेल्मरसमोर ठेवली. "घे. मिनिट तुझंच होतं."

डेल्मरचे कान लाल. "छे छे, तुझं नाव कोरलंय त्यावर."

"नाव काय, खरवडता येतं. घे म्हणतो ना."

"नको रे, खरंच राहू दे." आणि डेल्मरने हात पँटला पुसून तयार ठेवले. आर्डिसने किटली खाली ठेवली. सगळं गाव तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघतंय...

व्हर्जिलने झाकणी उचलली, खुर्चीवर चढला आणि पुन्हा खिळ्याला लावली.

"बरं," तो म्हणाला. "नॉर्वेत तर एकदाच विचारतात म्हणे. मी आपलं दोनदा विचारलं."

आणि बसला की खाली कॉफी प्यायला, डेल्मरसमोर, हात लांब केला तर नाकाला लागेल इतक्या जवळ... रेंज फुल्ल. डेल्मर वर झाकणीकडे बघत म्हणाला, "जागा बरी आहे तिला." ती मिळाली असती तरी त्याच खिळ्याला लावून हेच म्हणाला असता म्हणा.